ज्योतीवरील काचमणी-निर्मितीत काचचुरा लावण्याची साधने : स्वरूप, उपयोग व मर्यादा

सारांश

ज्योतीच्या उष्णतेवर काचेची कांडी वितळवून मणी घडविताना त्याच्या पृष्ठावर रंगीत काचचुरा चढविणे ही एक जुनी आणि आजही रूढ असलेली अलंकरणपद्धती आहे. प्रस्तुत लेखात या कामी वापरली जाणारी साधने, त्यांच्यामागील भौतिक तत्त्वे आणि चुऱ्याच्या धुळीपासून कारागिराच्या श्वसनमार्गास असणारा धोका यांचा विचार केला आहे. साधनाची निवड ही केवळ सोयीची बाब नसून मणी अभंग राहणे व कारागिराचे आरोग्य या दोन्हींशी ती निगडित आहे, हे येथे स्पष्ट करावयाचे आहे.

बीजशब्द : काचचुरा, फ्रिट, मँड्रेल, प्रसरण गुणांक, अनुशीतन, काचधूळ

१. प्रस्तावना

मण्याच्या पृष्ठावर दुसऱ्या रंगाच्या काचेचे कण रोवण्याची कल्पना फार प्राचीन आहे. प्राचीन इजिप्तमधील काचमण्यांत असे कण रोवलेले नमुने आढळतात. पुढे व्हेनिसजवळील मुरानो बेटावरील कारागिरांनी तेलाच्या दिव्याची ज्योत आणि भात्याची हवा यांच्या साहाय्याने मणी घडविण्याची कला नावारूपास आणली. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या अखेरीस या कलेला नवे चैतन्य लाभले. १९९३ मध्ये तेथे काचमणी-कारागिरांची संस्था स्थापन झाली आणि स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कारागिरांसाठी सुटी हत्यारे व तयार काचचुरा बाजारात सहज मिळू लागला.

या पद्धतीत पोलादाच्या बारीक सळईवर, म्हणजेच मँड्रेलवर, मातीचा लेप दिला जातो. लेप वाळल्यावर ज्योतीत वितळलेली काच सळईभोवती गुंडाळून मणी तयार करतात. थंड झाल्यावर लेपामुळे मणी सळईवरून सुटतो आणि सळईच्या जागी छिद्र राहते. काचचुरा चढविण्याची क्रिया मणी सळईवर व उष्ण असतानाच, काही सेकंदांच्या अवधीत उरकावी लागते. त्यामुळे साधन हाताशी, योग्य उंचीवर आणि योग्य आकाराचे असणे अगत्याचे ठरते.

२. काचचुऱ्याचे स्वरूप

काचचुऱ्यास व्यवहारात ‘फ्रिट’ म्हणतात. कणांच्या आकारमानानुसार त्याचे वर्ग पाडले जातात. अमेरिकेतील बुल्सआय या उत्पादकाच्या वर्गवारीनुसार ०.२ मिलिमीटरहून लहान कणांस भुकटी, ०.२ ते १.२ मिलिमीटर कणांस बारीक, १.२ ते २.७ मिलिमीटर कणांस मध्यम आणि २.७ ते ५.२ मिलिमीटर कणांस जाड चुरा मानतात. साधनाची निवड प्रथमतः या आकारमानावर अवलंबून असते.

चुरा घरीही करता येतो. काचेची कांडी तापवून थंड पाण्यात बुडविली असता ती तडकते. वाळल्यावर तिचे तुकडे खलबत्त्यात कुटून चाळणीने वेगळे करतात. कुटताना धातूचे सूक्ष्म कण चुऱ्यात मिसळतात व मण्यावर काळे ठिपके उमटतात. खलबत्ता लोखंडाचा असेल, तर हे कण चुंबकाने काढता येतात. नेहमीच्या वापरातील स्टेनलेस स्टील मात्र चुंबकाकडे फारसे आकर्षिले जात नाही. दिसावयास स्वच्छ असलेला स्टीलचा खल म्हणूनच या कामी कमी उपयुक्त ठरतो.

३. काचेची परस्पर-अनुरूपता

साधनांकडे वळण्यापूर्वी एका मूलभूत अटीचा विचार करणे आवश्यक आहे. मण्याची काच व चुऱ्याची काच यांचे औष्णिक प्रसरण गुणांक जुळणे आवश्यक असते. मुरानोच्या मृदू काचेचा गुणांक दर अंशास सुमारे १०४ × १०⁻⁷ असतो. चुऱ्यासाठी वापरली जाणारी अनेक रंगीत काच ९६ × १०⁻⁷ च्या आसपास असते. मणी ४८० अंश सेल्सिअसपासून ३० अंशांपर्यंत थंड होताना या ८ × १०⁻⁷ च्या फरकामुळे सुमारे ३.६ × १०⁻⁴ एवढी विकृती निर्माण होते. काचेचा यंग गुणांक ७० गिगापास्कल धरल्यास प्रतिबल स्थूलमानाने २५ मेगापास्कल येते. येथे चुऱ्याचा गुणांक कमी असल्याने कण दाबाखाली राहतात आणि काच दाब चांगला सोसते. असा चुरा मण्याच्या मानाने थोडा व विखुरलेला असेल तर मणी सहसा टिकतो. त्याचा जाड, सलग थर दिल्यास मात्र तडा जाण्याची शक्यता वाढते.

महाविद्यालयीन प्रयोगशाळांत बोरोसिलिकेट काचेच्या नळ्यांचे तुकडे विपुल असतात. त्यांचा गुणांक सुमारे ३३ × १०⁻⁷ आहे. मृदू काचेशी असलेला फरक ७१ × १०⁻⁷ भरतो आणि वरील रीतीने काढलेले प्रतिबल २२० मेगापास्कलच्या घरात जाते. असा संयोग टिकू शकत नाही. टाकाऊ प्रयोगशालेय काच कुटून मृदू काचेच्या मण्यावर लावण्याचा मोह म्हणूनच टाळला पाहिजे.

४. प्रमुख साधने

४.१ उथळ तबक : बारीक व मध्यम चुऱ्यासाठी हे सर्वाधिक प्रचलित साधन होय. पोलाद, पितळ अथवा ग्रॅफाइटच्या तबकात एक किंवा अनेक खोलगट पन्हळी असतात. पन्हळीत चुरा पसरून उष्ण मणी त्यावरून फिरविला की कण चिकटतात. येथे तबकाच्या काठाची उंची निर्णायक असते. मण्याचा व्यास १२ मिलिमीटर व सळईची जाडी २.४ मिलिमीटर असेल, तर सळईच्या खालच्या कडेपासून मण्याच्या पृष्ठापर्यंत केवळ ४.८ मिलिमीटर अंतर उरते. चुऱ्याच्या थराच्या वर काठ याहून अधिक उंच असल्यास सळई काठावर टेकते आणि मणी चुऱ्यापर्यंत पोहोचत नाही. ८ मिलिमीटरच्या मण्यासाठी हे अंतर २.८ मिलिमीटर एवढेच असते. लहान मण्यांसाठी उथळ किंवा एका बाजूने उघडे तबक घ्यावे, हे यावरून ध्यानात येईल.

४.२ ग्रॅफाइटची पाटी : सपाट पाटीवर चुरा पसरून त्यावरून मणी लोळविल्यास नळकांडी आकाराच्या मण्यावर सारखा थर बसतो. ग्रॅफाइटला उष्ण काच सहसा चिकटत नाही, परंतु ते उष्णतेचे सुवाहक असल्याने मणी लवकर निवतो. याउलट चुऱ्याच्या ढिगात कणांमध्ये हवा असल्याने तो उष्णता सावकाश शोषतो. म्हणून पाटीवर विरळ चुरा वापरताना मण्याचा स्पर्श क्षणिक ठेवावा व तो लगेच ज्योतीत न्यावा.

४.३ चमचा व चिमटा : लांब दांड्याच्या चमच्यातून मण्याच्या एकाच भागावर चुरा लावता येतो. जाड चुऱ्याचे निवडक कण चिमट्याने एकेक करून ठेवतात. काचेच्या कांडीचे टोक तापवून त्यानेही कण उचलता येतात.

४.४ हातचाळणी : भुकटीसाठी लहान नळकांड्याच्या तळाशी तारेची जाळी बसविलेली चाळणी वापरतात. एका इंचात ८० छिद्रे असलेल्या जाळीचे छिद्र सुमारे ०.१८ मिलिमीटर, तर ६० छिद्रांच्या जाळीचे ०.२५ मिलिमीटर असते. मणी ज्योतीबाहेर धरून, सळई सतत फिरवीत, वरून भुकटी शिंपडतात. ज्योतीतच शिंपडल्यास वायूच्या झोताने ती उडून जाते. खाली कागद पसरल्यास सांडलेली भुकटी गोळा करता येते. चहाची गाळणी जाड कण वेगळे करण्यास चालते. भुकटी शिंपडण्यास तिची छिद्रे फार मोठी पडतात.

४.५ चुऱ्याची सुतळी : हे साधन कारागीर स्वतः तयार करतो. पारदर्शक काचेच्या वितळलेल्या गोळ्यावर चुरा चढवून, तो पूर्ण वितळवून, त्याची एक-दोन मिलिमीटर जाडीची तार ओढतात. या तारेने मण्यावर रेघा व ठिपके हव्या त्या ठिकाणी काढता येतात. मणी घडविताना सुटी भुकटी हाताळावी लागत नाही, हा तिचा मोठा लाभ होय.

साधनाच्या धातूविषयी एक सूचना करणे उचित ठरेल. जस्ताचा मुलामा दिलेली भांडी ज्योतीजवळ ठेवू नयेत. जस्त ४२० अंशांस वितळते आणि अधिक तापल्यास त्याचा अपायकारक धूर होतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांस वितळत असल्याने तेही ज्योतीपासून दूर असावे.

५. वापराची रीत

चुरा घेण्यापूर्वी मण्याचे पृष्ठ मऊ, पण गाभा ताठ असावा. मणी अतितप्त असेल तर तो तबकात बेढब होतो व चुऱ्याचे गठ्ठे चिकटतात; निवला असेल तर कण धरत नाहीत आणि ज्योतीत परत नेताना तडा जाण्याचा संभव असतो. नारिंगी तेज ओसरू लागताच चुऱ्यास स्पर्श करावा, हा सर्वसाधारण संकेत आहे. त्यानंतर कण अर्धवट वितळवून उठावदार पोत ठेवता येतो किंवा पूर्ण वितळवून गुळगुळीत नक्षी मिळविता येते.

छिद्राच्या तोंडाशी चुरा लागू देऊ नये. तेथील कण लेपास चिकटून टोकदार कडा निर्माण करतात व दोरा कापला जाण्याची भीती असते. तसेच लेपाचे कपचे तबकात पडून चुरा दूषित होतो. त्यामुळे आवश्यक तेवढाच चुरा तबकात घ्यावा आणि उरलेला मूळ बाटलीत परत टाकू नये. अखेरीस मणी भट्टीत सुमारे ५१० अंशांवर काही काळ ठेवून मंदगतीने थंड करावा. या अनुशीतनामुळे असमान थंड होण्याने उद्भवलेले प्रतिबल नाहीसे होते. प्रसरण गुणांकातील फरकामुळे उद्भवणारे प्रतिबल मात्र अनुशीतनाने जात नाही, हा भेद विद्यार्थ्यांस आवर्जून समजावून द्यावा.

६. काचधूळ व आरोग्य

काच अस्फटिकी असल्याने तिची धूळ स्फटिकी सिलिकाएवढी घातक मानली जात नाही. तथापि तेवढ्यावरून ती निरुपद्रवी ठरत नाही. १० मायक्रोमीटरहून लहान कण श्वसनमार्गात खोलवर जाऊ शकतात. काही रंगीत काचांत व मिनाकारीच्या भुकट्यांत शिसे अथवा कॅडमियम असते. सळईवरील लेपाच्या काही प्रकारांत स्फटिकी सिलिकाही असू शकते. म्हणून भुकटी चाळताना एन-९५ दर्जाची मुखपट्टी वापरावी, हवा बाहेर ओढणारा पंखा धूळ चेहऱ्यापासून दूर नेईल अशा रीतीने बसवावा, मण्याचे छिद्र पाण्याखाली घासावे आणि मेज झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. साध्या पंख्याच्या वाऱ्यात भुकटी चाळणे सर्वथा वर्ज्य होय.

७. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, बारीक व मध्यम चुऱ्यास उथळ तबक, नळकांडी मण्यास पाटी, निवडक कणांस चिमटा आणि भुकटीस हातचाळणी ही साधने अनुरूप ठरतात. यांपैकी हातचाळणी सर्वांत नाजूक परिणाम देते, परंतु धूळही तीच सर्वाधिक उडविते. जेथे वायुवीजनाची पुरेशी सोय नाही, अशा ठिकाणी भुकटी चाळण्याचे टाळून तबक व तयार सुतळी यांवर भिस्त ठेवणे श्रेयस्कर ठरेल. सुतळीसाठीही भुकटीऐवजी बारीक चुराच घ्यावा. पदार्थविज्ञान व रसायनशास्त्राच्या अध्यापकांना प्रसरण गुणांक, उष्णतावहन व प्रतिबल या संकल्पना प्रत्यक्ष वस्तूद्वारे शिकविण्यासाठी हा छोटासा मणी एक समर्थ उदाहरण ठरू शकतो. मात्र त्याचे प्रात्यक्षिक योजताना मुखपट्टी व वायुवीजन यांची तजवीज ज्योत पेटविण्यापूर्वीच झालेली असावी.