मध्य आयरिश भाषा : स्वरूप आणि अभ्यासपरंपरा

प्रस्तावना :
आयरिश ही इंडो-युरोपीय भाषाकुलातील केल्टिक शाखेची भाषा होय. हस्तलिखितांतून उपलब्ध असलेल्या या भाषेच्या इतिहासाचे स्थूलमानाने तीन टप्पे मानले जातात : इ. स. ९०० पर्यंतची प्राचीन आयरिश, सुमारे ९०० ते १२०० या काळातील मध्य आयरिश आणि त्यानंतरची अर्वाचीन आयरिश. यांपैकी मधला टप्पा दीर्घकाळ केवळ संक्रमणाचा व अव्यवस्थेचा काळ म्हणून ओळखला गेला. तथापि प्राचीन आयरिश साहित्याचे आकलन याच टप्प्याच्या ज्ञानावर कसे अवलंबून आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्राचीन आयरिशचा मापदंड :
आठव्या व नवव्या शतकांत आयरिश मठवासी विद्वान लॅटिन ग्रंथांच्या समासात आणि दोन ओळींमधल्या जागेत आपल्या भाषेत टिपा लिहीत असत. वुर्झबर्ग, मिलान व सेंट गॅलन येथील हस्तलिखितांत अशा टिपा विपुल प्रमाणात टिकून राहिल्या. योहान कास्पर त्सॉइस या जर्मन विद्वानाने प्रामुख्याने त्यांच्या आधारे आपले केल्टिक व्याकरण १८५३ मध्ये लॅटिन भाषेत प्रसिद्ध केले. पुढे रुडॉल्फ थुर्नायसेन यांचे प्राचीन आयरिशचे व्याकरण १९०९ मध्ये जर्मनमध्ये आणि १९४६ मध्ये डब्लिन येथून इंग्रजीत प्रसिद्ध झाले. त्यामुळे प्राचीन आयरिशचे रूप निश्चित झाले. परंतु त्याचबरोबर नंतरची भाषा याच मापाने मोजली जाऊ लागली.

मध्य आयरिशमधील बदल :
या काळात शब्दान्तीचे आघातहीन ऱ्हस्व स्वर आपापले वेगळेपण गमावून एकाच अस्पष्ट स्वरात विलीन झाले. विभक्तीचे अनेक भेद या स्वरांवरच उभे असल्याने नामांची रूपव्यवस्था ढासळली. नपुंसकलिंग हळूहळू लोप पावले. मराठीने तीन लिंगे राखली व हिंदीने दोनच ठेवली, हा फरक परिचित असणाऱ्या वाचकास या बदलाचे स्वरूप सहज ध्यानी येईल.

क्रियापदांतही मूलगामी बदल घडला. प्राचीन आयरिशमध्ये कर्मवाचक सर्वनाम क्रियापदाच्या पोटात बसत असे. ‘नोम-खरा’ म्हणजे ‘तो माझ्यावर प्रेम करतो’. यात ‘नो’ हे अर्थशून्य पद असून ‘म’ हे उत्तमपुरुषाचे सर्वनाम आहे. मध्य आयरिश काळात अशी सर्वनामे क्रियापदाबाहेर पडून स्वतंत्रपणे येऊ लागली. उपसर्ग जोडून बनलेली गुंतागुंतीची क्रियापदेही साध्या धातूंप्रमाणे चालवली जाऊ लागली.

कालनिर्णयाची समस्या :
प्राचीन आयरिश कथावाङ्मयाचा मोठा भाग मध्य आयरिश काळातील हस्तलिखितांतच उपलब्ध आहे. इ. स. ११०० च्या सुमाराचे ‘तपकिरी गाईचे पुस्तक’ आणि बाराव्या शतकातील ‘लेन्स्टरचे पुस्तक’ ही त्याची ठळक उदाहरणे होत. नकलकार जुनी रूपे आपल्या काळाप्रमाणे बदलत. उलटपक्षी नव्या रचनेला जुनेपण देण्याच्या प्रयत्नात कधीही अस्तित्वात नसलेली ‘जुनी’ रूपेही ते घडवीत. त्यामुळे एकाच कथेत अनेक शतकांचे थर आढळतात. मध्य आयरिशची रूपे ओळखता आली नाहीत, तर मूळ रचना कोणती आणि नंतरची भर कोणती हे सांगता येत नाही.

या बाबतीत पद्य अधिक विश्वसनीय ठरते. प्राचीन काळी अंत्यस्वर भिन्न असलेले दोन शब्द एखाद्या कवीने यमकात जुळवले असतील, तर त्याच्या उच्चारात ते स्वर एकरूप झाले होते असा निष्कर्ष निघतो. दहाव्या शतकाच्या अखेरचे ‘साल्टर ना रान’ हे दीर्घ धार्मिक काव्य म्हणूनच महत्त्वाचे मानले जाते.

अभ्यासाची वाटचाल :
‘साल्टर ना रान’चे संपादन व्हिटली स्टोक्स यांनी १८८३ मध्ये केले. डब्लिन येथे जन्मलेले स्टोक्स १८६२ मध्ये भारतात आले व १८७७ ते १८८२ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळाचे विधी सदस्य होते. त्यांनी संपादित केलेली तीन मध्य आयरिश प्रवचने १८७७ मध्ये कलकत्ता येथे छापली गेली. याच काव्यातील क्रियापदव्यवस्थेचा पद्धतशीर अभ्यास जॉन स्ट्रॅकन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केला. रॉयल आयरिश अकादमीने १९१३ ते १९७६ या काळात प्राचीन व मध्य आयरिशचा कोश सिद्ध केला. लिअम ब्रॅनाख यांनी १९९४ मध्ये आयरिश भाषेत मध्य आयरिशचे सविस्तर विवेचन केले. मेनूथ विद्यापीठातील २०१५ ते २०२१ या काळातील प्रकल्पात कालनिर्णयासाठी संख्याशास्त्रीय पद्धतीचा अवलंब करण्यात आला.

निष्कर्ष :
संस्कृत व्याकरणपरंपरेतील ‘अपभ्रंश’ या संज्ञेत पतनाचा अर्थ अनुस्यूत आहे. तरीही अपभ्रंशाच्या अभ्यासावाचून मराठीसारख्या भाषांच्या उत्पत्तीचा उलगडा होत नाही. मध्य आयरिशचे स्थानही असेच आहे. नकलकारांच्या लेखनात ज्या ‘चुका’ मानल्या गेल्या, त्याच जिवंत बोलीच्या बदलाचा पुरावा ठरतात. तो पुरावा शुद्धीकरणाच्या हेतूने पुसून टाकल्यास भाषेच्या इतिहासातील तीन शतकांचा दुवाच नष्ट होतो, हे हस्तलिखितांच्या संपादकाने सदैव ध्यानात ठेवणे आवश्यक ठरते.