पडद्यावरचे खेळ (लेखांक ९) : एकट्याने सांभाळायचे राज्य

गेल्या आठवड्यात आपण पाळीपाळीने खेळायच्या 'सिव्हिलायझेशन'पाशी थांबलो होतो. १९९१ सालच्या त्या खेळाची रचना करताना सिड मायर यांच्या जोडीला ब्रूस शेली होते. हेच शेली पुढे डॅलसच्या एन्सेम्बल स्टुडिओजमध्ये गेले आणि १९९७ मध्ये तिथून 'एज ऑफ एम्पायर्स' बाहेर पडला. 'सिव्हिलायझेशन'मध्ये चाल करायला हवा तेवढा वेळ असे. चहा करून परत आलात तरी शत्रू होता तिथेच उभा. 'एज'मध्ये ही सवलत गेली. दोन्ही बाजू एकाच वेळी हलतात आणि घड्याळ कुणासाठी थांबत नाही. या प्रकाराला रिअल-टाइम स्ट्रॅटेजी, म्हणजे बोलताना आरटीएस म्हणतात. एकेकाळी कॉम्प्युटरवरच्या खेळांत त्याचा मान पहिल्या रांगेत होता. आज तो का उरला नाही आणि पुढे त्याचे काय होईल, हा या आठवड्याचा विषय आहे.

आधी खेळणाऱ्याच्या हातांवर किती काम पडते ते जवळून पाहू. 'एज ऑफ एम्पायर्स २' (१९९९) सुरू केला की मोकळ्या मैदानात एक टाऊन सेंटर, तीन गावकरी आणि एक टेहळणीचा घोडेस्वार दिसतो. गाठीला २०० अन्न. नवा गावकरी तयार व्हायला ५० अन्न आणि २५ सेकंद लागतात. वस्तीची मर्यादा पाच, त्यातले चौघे आधीच हजर. त्यामुळे पहिला नवा गावकरी बाहेर येईपर्यंत घर उभे राहिले नाही तर टाऊन सेंटर रिकामे बसते, आणि रिकामा गेलेला प्रत्येक सेकंद शेवटपर्यंत अंगावर राहतो. २०० अन्नात चारच गावकरी होतात. म्हणजे पहिल्या शंभर सेकंदांत मेंढ्या सापडून मांस जमा व्हायला लागले पाहिजे. मग रानडुक्कर. एका गावकऱ्याने त्याला बाण मारायचा, ते पिसाळून मागे लागले की थेट टाऊन सेंटरकडे पळत सुटायचे आणि तिथे बाकीच्यांनी मिळून ते लोळवायचे. क्षणभर नजर हटली तर गावकरी जीवानिशी जातो. आणि नजर हटणारच, कारण तिकडे घोडेस्वार काळोखात शत्रूचे गाव शोधत फिरतो आहे. पुढच्या युगात जायला ५०० अन्न साठवायचे आहे. लढाई अजून सुरूही झालेली नाही.

या खेळाचे सगळे सुख इथेच आहे, असे माझे ठाम मत आहे. सुरुवातीचा एक बारीक निर्णय पुढे चक्रवाढीने फळतो. दहाव्या मिनिटाला वेशीवर आलेली फौज तिसऱ्या मिनिटाला कुणाला लाकडावर लावले आणि कुणाला शेतीवर, यातून उभी राहिलेली असते. दुसऱ्या कुठल्याही खेळात कारण आणि परिणाम यांची साखळी मला इतकी स्पष्ट दिसलेली नाही. पण ही साखळी ओढायला माणूस एकच. शंभर पानांचा स्वयंपाक, वाढप आणि दारातले स्वागत एकाच्याच गळ्यात पडावे, तसे हे काम आहे.

या प्रकाराचा सांगाडा पक्का झाला तो १९९२ मध्ये, लास वेगासच्या वेस्टवुड स्टुडिओजने काढलेल्या 'ड्यून २' मध्ये. वाळवंटातला मसाला गोळा करा, त्याच्या पैशातून कारखाने उभारा, कारखान्यातून रणगाडे काढा. त्या खेळात एका वेळी एकच वाहन निवडता येई. दहा रणगाडे हलवायचे तर दहा वेळा निवडायचे आणि दहा वेळा आज्ञा द्यायची. १९९४ च्या 'वॉरक्राफ्ट'मध्ये एका वेळी चार जण निवडता येऊ लागले, पुढच्या वर्षीच्या 'वॉरक्राफ्ट २' मध्ये नऊ. त्याच वर्षी वेस्टवुडच्या 'कमांड अँड कॉन्कर'ने माउसने चौकट ओढून हवे तेवढे सैनिक उचलू दिले. हे आकडे किरकोळ वाटतात, पण माझ्या मते या प्रकाराचा खरा इतिहास त्यांच्यातच आहे. डोक्यातला बेत आणि हाताचा वेग यांत किती अंतर ठेवायचे, हे रचनाकार या आकड्यांतून ठरवत होते.

ब्लिझार्डच्या 'स्टारक्राफ्ट'ने (१९९८) हे अंतर बरेच मोठे ठेवले. एका वेळी फार तर बारा सैनिक, आणि इमारत एकच. शेवटच्या टप्प्यात फौज शंभरावर गेली की चांगला खेळाडू आणि अव्वल खेळाडू यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक दिसे. अव्वल खेळाडूंचे हात मिनिटाला तीनशेच्या वर क्रिया करत. बोटांची ही करामत पाहायला गर्दी जमणार, हे सर्वांत आधी दक्षिण कोरियाने ओळखले. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर तिथे घरोघर ब्रॉडबँड पोहोचत होते आणि तासाच्या भाड्याने कॉम्प्युटर देणारे पीसी बांग गल्लोगल्ली निघत होते. २००० मध्ये फक्त खेळ दाखवणारी ऑनगेमनेट ही दूरचित्रवाहिनी सुरू झाली. लिम यो-ह्वानसारखे खेळाडू घराघरांत माहीत झाले. २००४ मध्ये बुसानच्या ग्वांगाल्ली समुद्रकिनाऱ्यावर झालेल्या अंतिम सामन्याला लाखभर लोक आल्याचे सांगितले जाते. सक्तीच्या लष्करी सेवेत खेळाडूंचा सराव तुटू नये म्हणून कोरियाच्या हवाई दलाने स्वतःचा 'स्टारक्राफ्ट' संघच काढला.

आरटीएसची ही सर्वांत वैभवाची वर्षे. त्यांनी पुढच्या सगळ्या रचनाकारांची नजर एकाच दिशेला बांधली.

उतरण सुरू झाली ती आतूनच. २००२ च्या 'वॉरक्राफ्ट ३' सोबत ब्लिझार्डने नकाशे बनवण्याचे साधन दिले होते. हौशी लोकांनी त्यातून 'डोटा' नावाचा नकाशा घडवला. त्यात पाच जण विरुद्ध पाच जण, आणि प्रत्येकाच्या हाती एकच वीर. गावकरी नाहीत, लाकूडतोड नाही, घरे बांधणे नाही; शिपाई आपोआप निघतात आणि आपोआप चालत जातात. एकट्याच्या डोक्यावरचे ओझे पाच जणांत वाटले गेले. हरलात तरी सगळा दोष तुमच्या माथी येत नाही. आरटीएसमध्ये एकास एक सामना हरणे मनाला फार लागते, कारण बोट दाखवायला दुसरे कुणीच नसते. पुढचा सामना सुरू करायचे बटण दाबायला हात धजत नाही, असे कितीतरी चांगले खेळाडू सांगतात.

ऑक्टोबर २००९ मध्ये 'लीग ऑफ लेजेंड्स' याच घडणीवर आणि फुकट आला. नऊ महिन्यांनी, जुलै २०१० मध्ये, 'स्टारक्राफ्ट २' आला. तो पडला असे मुळीच नाही. पहिल्या ४८ तासांत त्याच्या १५ लाखांहून जास्त प्रती खपल्या. पण प्रत एकदा विकली की संपले. फुकटच्या खेळात कमाई चालूच राहते, कारण लोक आपल्या वीराला नवा पोशाख चढवायला पैसे मोजतात. आरटीएसमध्ये पोशाख विकायचा कुणाचा? मुंगीएवढे दीडशे सैनिक. त्यांच्या अंगावर काय आहे ते दिसतही नाही. गुंतवणूकदारांना हा हिशेब समजायला वेळ लागला नाही. कोरियातल्या पीसी बांगमध्येही 'लीग' पुढे गेला, आणि २०१६ मध्ये तिथली 'स्टारक्राफ्ट'ची संघस्पर्धा, प्रोलीग, बंद झाली. जुनी घराणी तर त्याआधीच मिटली होती. वेस्टवुडला इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २००३ मध्ये टाळे लावले आणि एन्सेम्बलला मायक्रोसॉफ्टने २००९ च्या जानेवारीत. ऑक्टोबर २०२० मध्ये ब्लिझार्डने 'स्टारक्राफ्ट २' साठी विकत घेण्याजोगे नवे काही काढणार नसल्याचे जाहीर केले.

इथवरची कहाणी सगळे सांगतात. ती खरी आहे, पण अर्धी आहे. आरटीएस विकत घेणाऱ्यांतले बहुसंख्य लोक ग्वांगाल्लीच्या मंचावरच्या खेळासारखे कधी खेळतच नव्हते.

आपल्याकडचे बघा. पुण्या-मुंबईत दोन हजारच्या दशकात ज्यांनी सायबर कॅफेत किंवा इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर लॅन लावून 'एज' खेळला, त्यांना मिनिटाला तीनशे क्रिया हा प्रकार ऐकूनही माहीत नव्हता. आम्ही चौघे एका बाजूला आणि कॉम्प्युटर दुसऱ्या बाजूला, हा आमचा नेहमीचा डाव. तासभर भिंती बांधायच्या, बाजार लावायचे, हत्ती जमवायचे आणि मग एकदम निघायचे. कुणी एकटाच मोहिमा खेळे. जोन ऑफ आर्क आणि सलादिन ही नावे कित्येकांना आधी तिथेच कळली. जगभर थोड्याफार फरकाने हेच चालले होते. 'स्टारक्राफ्ट २' मध्ये २०१५ साली दोघांनी मिळून कॉम्प्युटरशी लढायचा प्रकार आला, तेव्हा तो इतका चालला की ब्लिझार्डच्या रचनाकारांनीच त्याची लोकप्रियता बोलून दाखवली.

या लोकांना गाव हवे होते. उद्योगाने त्यांच्यासमोर कधी आखाडा ठेवला, तर कधी गावच काढून घेतले. २०१० च्या 'कमांड अँड कॉन्कर ४' ने तळ बांधणेच काढून टाकले. चाहत्यांनी तो खेळ झिडकारला आणि ती मालिका तिथेच अडकली. 'स्टारक्राफ्ट २' चे समतोल सांभाळणारे डेव्हिड किम यांनी 'बॅटल एसेस' हा दहा मिनिटांत संपणारा, जवळजवळ निव्वळ लढाईचा खेळ रचला. तो पूर्णपणे बाजारात येण्याआधीच २०२५ मध्ये थांबवला गेला. ब्लिझार्डमधून बाहेर पडलेल्यांनी फ्रॉस्ट जायंट ही कंपनी काढून 'स्टॉर्मगेट' केला. लोकवर्गणीतूनच सुमारे २४ लाख डॉलर जमले, ऑगस्ट २०२४ मध्ये खेळ लोकांच्या हाती आला आणि काही महिन्यांतच एका वेळी खेळणाऱ्यांचा आकडा शेकड्यांवर उतरला. एकास एक सामन्यांची बांधणी नेटकी होती. पण मोहिमेची कथा आणि त्या जगाचे रूप कच्चे होते, आणि बहुसंख्य लोक नेमके त्यासाठीच आले होते. या मंडळींच्या कसबाबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणून हे अपयश जास्त लागते.

ओझे कमी करूच नये, असे मी म्हणत नाही. ते कुठे कमी करायचे, हा प्रश्न आहे. 'टोटल वॉर' मालिकेने २००० सालीच एक वाट काढली होती. राज्यकारभार पाळीपाळीने, निवांतपणे. लढाई तेवढी चालत्या घड्याळावर. तिच्या 'एम्पायर' (२००९) या भागात १७०० सालापासून मराठ्यांचे राज्य घेऊन खेळता येते, त्यामुळे आपल्याकडे त्याचे वेगळे कौतुक झाले. 'दे आर बिलियन्स'ने खेळ हवा तेव्हा थांबवून आज्ञा द्यायची मुभा दिली. 'बियाँड ऑल रीझन' हा हौशी लोकांनी चालवलेला, फुकट आणि मुक्त-स्रोत खेळ. त्यात आठ विरुद्ध आठ असे मोठे सामने रंगतात आणि कारभार आपोआपच वाटला जातो. २०२४ च्या एप्रिलमध्ये आलेला 'मॅनॉर लॉर्ड्स' तर मुख्यतः पोलंडमधल्या एका माणसाने उभा केला. शेते, वाडे, गुरे आणि अधूनमधून लढाई; पहिल्या २४ तासांत दहा लाख प्रती. गाव वसवून ते राखायची ओढ लोकांत उरलेली नाही, असे हा आकडा पाहून कुणी म्हणू नये.

आणि मग तोच १९९९ चा 'एज ऑफ एम्पायर्स २'. त्याला जिवंत ठेवले ते आधी चाहत्यांनी. त्यांनी स्वतः रचलेला 'फरगॉटन' हा विस्तार २०१३ मध्ये अधिकृत झाला आणि त्याच गटातले लोक पुढे २०१९ च्या नव्या आवृत्तीवर कामाला लागले. २०२२ मध्ये 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' आला. आधी 'इंडियन्स' म्हणून एकाच साच्यात कोंबलेला उपखंड त्यात हिंदुस्तानी, बंगाली, द्राविड आणि गुर्जर असा वेगवेगळा झाला, राजेंद्र चोळाची मोहीमही आली. त्याच वर्षी हायडेलबर्गच्या किल्ल्यात या खेळाची मोठी स्पर्धा भरली. म्हणजे आखाडाही टिकला, पण भोवती वस्ती होती म्हणून.

पुढचा रस्ता दाखवणारी गोष्ट मला याच खेळाच्या एक्सबॉक्स आवृत्तीत (जानेवारी २०२३) दिसते. गेमपॅडवर माउसची चपळाई नसते. म्हणून तिथे अन्नावर किती लोक, लाकडावर किती, एवढे प्रमाण ठरवून द्यायचे; गावकरी आपले आपण कामाला लागतात. गाव तसेच राहते, निर्णय तुमचाच राहतो, फक्त प्रत्येकाच्या मागे धावणे संपते. फोनसाठी या दिशेने कुणी मन लावून काम केले, तर भारतात त्याला मोठा वाव आहे, कारण इथल्या नव्या पिढीचे खेळणे फोनवरच सुरू झाले. आज फोनवर 'एज'चे नाव लावून जे मिळते, त्यात गाव असते, पण वेळ पैशाने विकत घ्यावा लागतो. तिसऱ्या मिनिटाचा निर्णय दहाव्या मिनिटाला फळण्याचे सुख त्यात उरत नाही.

पुढच्या आठवड्यात : 'वॉरक्राफ्ट ३' सोबत आलेले नकाशे बनवण्याचे साधन, आणि त्यातून हौशी लोकांनी जन्माला घातलेले खेळ.