बेसॉल्टमध्ये कार्बन गाडायचा, पण पाणी कुठलं?

समजा, वाळूज एमआयडीसीतल्या एखाद्या चिमणीतला कार्बन डायऑक्साइड तिथेच खाली, आपल्या काळ्या दगडात गाडायचा. ऐकायला भारी वाटतं ना? आइसलंडच्या कार्बफिक्स प्रकल्पाने हे करून दाखवलंय. 2012 मध्ये बेसॉल्टमध्ये सोडलेल्या वायूपैकी 95 टक्क्यांहून जास्त वायू दोन वर्षांच्या आत खनिज होऊन बसला. मग प्रपोजलमध्ये ‘दख्खनमध्येही हे शक्य आहे’ अशी एक ओळ लिहून बरेच जण मोकळे होतात. तुम्ही तसं करू नका.

आधी खोली बघा. वायू नुसता दाबून साठवायचा तर साधारण 800 मीटर खाली जावं लागतं, तेवढ्या दाबालाच तो पुरेसा दाट होतो. आणि 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला ड्रिलिंग केलं, तेव्हा 338 मीटरवरच बेसॉल्ट संपला. थर असा पातळ असेल तिथे कार्बफिक्सची पद्धत उरते, म्हणजे वायू पाण्यात विरघळवून सोडायचा. एक टन वायूला सुमारे 25 टन पाणी! आइसलंडला परवडतं हो. वाळूजच्या कारखान्यांना पाणी येतं जायकवाडीतून, आणि शहर नि शेतीही त्यावरच. खालचंच पाणी उपसून फिरवता येतं, पण मग भूजलाची दिशा आणि दाब दोन्ही बदलतात.

हे पाणी सोड्यासारखं आम्लधर्मी असतं. ते दगडातून कॅल्शियम, मॅग्नेशियम सोडवतं. खनिज बनायला ते हवंच, पण सोबत नको असलेले धातूही सुटू शकतात. लाव्हाच्या दोन थरांमधला तांबडा मातकट थर झाकणासारखा काम करतो खरा. पण गावोगावच्या बोअरवेलनी त्याला भोकं पाडलेली आहेत. माझ्या मते इथली सगळ्यात मोठी जोखीम हीच. मॉडेलमध्ये ती दिसतही नाही.

भूकंपाचं काय? कोयनेचं उदाहरण घरातलंच आहे: 1962 पासून जलाशय भरत गेला आणि 10 डिसेंबर 1967 ला 6.3 चा धक्का. दक्षिण कोरियात पोहांगला 2017 मध्ये भू-औष्णिक विहिरीत पाणी सोडल्याने भूकंप झाल्याचा निष्कर्ष तिथल्या सरकारी चौकशीनेच काढला.

आता तुमच्या कामाचं. औद्योगिक पट्ट्यात विहिरीच्या पाण्यात आधीच काय काय आहे हे मोजलेलं नसेल, तर नंतर सापडलेला धातू कुणाचा, हे कोणीच सांगू शकणार नाही. म्हणून वायू सोडण्याआधी निदान दोन वर्षं, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, नमुने घ्यायचे. गाईड ‘नंतर बघू’ म्हणाले तरी हा खर्च पहिल्या वर्षाच्या बजेटमध्येच टाका.