सहलीपलीकडचे पर्यावरण शिक्षण

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर दिलेल्या निर्देशांनंतर पर्यावरण हा विषय शालेय अभ्यासक्रमात रुजत गेला. मात्र तलाव, नाला किंवा माळरान यांसारख्या प्रत्यक्ष ठिकाणी निरीक्षण आणि मोजमाप करून शिकणे, म्हणजेच क्षेत्रीय पर्यावरण शिक्षण, आणि शाळेची वार्षिक सहल यांची गल्लत आजही सर्रास होते. पेंचच्या जंगलात जिप्सीतून वाघ शोधणे आनंदाचे खरे, पण वाघ दिसला की नाही एवढाच त्या दिवसाचा हिशेब उरत असेल, तर त्याला शिक्षण म्हणणे धाडसाचे आहे.

जर्मनीतील फ्रान्झ बोगनर यांनी १९९८ मध्ये राष्ट्रीय उद्यानातील एक दिवसाच्या आणि पाच दिवसांच्या उपक्रमांची तुलना केली, तेव्हा माहितीत भर दोन्हींमुळे पडली, परंतु वर्तनातील बदल मुख्यतः दीर्घ उपक्रमानंतर आढळला. इस्रायलमधील ओरियन व हॉफस्टीन यांनी १९९४ मध्ये नवखेपणाचा मुद्दा मांडला: जागा कशी आहे, तेथे करायचे काय आणि दिवस कसा जाणार, हे आधी ठाऊक नसेल तर मुलांचे लक्ष विखुरते.

या कसोटीवर नागपूरकरांना दूरच्या जंगलापेक्षा शहरातला अंबाझरी तलाव अधिक उपयोगी ठरावा, कारण तेथे पुन्हा पुन्हा जाता येते. लाव्हाच्या टेकड्यांकडून येणारी नाग नदी या तलावाशी जोडलेली असून पुढे ती शहराच्या मध्यातून वाहते. सप्टेंबर २०२३ मध्ये अतिवृष्टीने तलाव ओसंडला आणि सखल वस्त्या पाण्याखाली गेल्या. सांडव्यापासून खाली चालत गेलेल्या विद्यार्थ्यांनी ठिकठिकाणी पात्राची रुंदी मोजली, भिंती आणि बांधकामे वहीत नोंदवली, की पूर का आला याचे उत्तर त्यांना नकाशावर स्वतःच मांडता येते. तलावात सेची चकती, म्हणजे दोरीला बांधलेली काळी-पांढरी थाळी, ती दिसेनाशी होईपर्यंत सोडून पाण्याचा गढूळपणा मोजता येतो. अर्थात पाण्याजवळ शिक्षकाखेरीज आणखी एक जबाबदार व्यक्ती सोबत हवीच.

विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनअखेर उघडत असल्याने पावसाळा आणि हिवाळा हाच या कामाचा हंगाम. परिणाम मात्र परतीच्या बसमध्ये तपासू नये. काही महिन्यांनी स्वतःच्या वस्तीतील नाल्याचे निरीक्षण करायला सांगितल्यावर विद्यार्थी काय नोंदवतात, ते पाहावे.