जन्मभराचे तेल! पण जन्म कुणाचा?

दसऱ्याच्या दिवशी मोटार स्वच्छ धुवावी, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढावे, झेंडूची माळ घालावी, चाकाखाली लिंबू ठेवावे आणि घरच्या मंडळींना घेऊन देवळापर्यंत एक फेरी मारून यावे, हा आपल्याकडचा प्रघात आहे. मोटारीची काळजी आपण घेतो ती बहुधा अशी, दिसणाऱ्या भागांची. काच, रंग, सीटवरची आवरणे यांकडे आपले लक्ष असते. त्यातला जाणता मालक इंजिनाचे ऑईल वेळच्या वेळी बदलून घेतो. परंतु ज्या तेलावर ऑटोमॅटिक मोटारीची सारी चाल अवलंबून असते, त्या गिअरबॉक्समधल्या तेलाची आणि त्याच्या गाळणीची चौकशी मात्र क्वचितच कोणी करतो.

गेल्या दहा-बारा वर्षांत मध्यमवर्गीय घरांतून ऑटोमॅटिक मोटारी पुष्कळच आल्या आहेत. डावा पाय क्लचवर आणि डावा हात गिअरच्या दांड्यावर ठेवून दादरपासून ठाण्यापर्यंत रांगत जाण्याचा ज्यांना कंटाळा आला, किंवा वयोमानाने ज्यांचे गुडघे कुरकुरू लागले, त्यांनी चार पैसे जास्त मोजून ही सोय घरी आणली. आणि आता, गाडी पाच-सहा वर्षांची झाल्यावर, त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहतो: हे तेल आणि ती गाळणी किती दिवसांनी बदलायची?

उत्तरे तीन मिळतात. काही कंपन्यांच्या पुस्तिकांत या तेलाचा रकानाच नसतो, तर काहींत ‘लाइफटाइम’, म्हणजे जन्मभराचे, एवढाच शब्द असतो. गल्लीतला अनुभवी मिस्त्री म्हणतो, “साहेब, चाळीस हजारांवर बदलूनच टाका.” आणि शेजारचे काका हळूच सांगतात, “अजिबात हात लावू नका. आमच्या मेव्हण्यांनी बदलले आणि महिनाभरात गिअरबॉक्स बसला!” गंमत अशी, की या तिघांच्याही बोलण्यात थोडेथोडे तथ्य आहे. म्हणूनच सामान्य माणूस गोंधळतो, काहीच करत नाही, आणि एके दिवशी त्याच्या हातात असे बिल पडते की त्या रकमेत एखादी जुनी मोटार यावी.

हे तेल करते तरी काय?

साध्या गिअरबॉक्समध्ये तेलाचे काम वंगणाचे. दाते एकमेकांवर घासू नयेत, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. ऑटोमॅटिकमध्ये मात्र तेल हाच मुख्य कामकरी असतो.

एकासमोर एक असे दोन विजेचे पंखे ठेवल्याची कल्पना करा. एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने समोरचा बंद पंखाही फिरू लागतो. वाऱ्याच्या जागी तेल घाला, दोन्ही पंखे एका बंद डब्यात बसवा, की झाला टॉर्क कन्व्हर्टर. मधे एक तिसरे, तेलाचा ओघ वळवून जोर वाढवणारे चक्र असते, पण मूळ कल्पना हीच. इंजिनाची शक्ती चाकांकडे जाते ती या तेलातून. शिवाय आतल्या क्लचच्या चकत्या एकमेकींवर दाबून धरणे, बारीक झडपांमधून फिरून कोणता गिअर केव्हा पडावा हा हुकूम पोहोचवणे, निर्माण झालेली उष्णता बाहेर नेणे, मळ वाहून गाळणीपर्यंत आणणे आणि उरल्यावेळी वंगण होणे, इतकी सारी कामे त्याच तेलाची.

मोठ्या प्रमाणावर तयार झालेली पहिली पूर्ण ऑटोमॅटिक यंत्रणा म्हणजे अमेरिकेतल्या जनरल मोटर्स कंपनीची ‘हायड्रा-मॅटिक’. १९३९ साली ती १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी बाजारात आली आणि तिच्यासाठी गिऱ्हाईक ५७ डॉलर जादा मोजत असे. पुढे १९४९ साली त्याच कंपनीने या तेलाची ‘टाइप ए’ ही प्रत ठरवून दिली. इंजिन ऑईलशी घोटाळा होऊ नये आणि गळती कुठली ते ओळखू यावे, म्हणून त्याला लाल रंग देण्याची रीत पडली. चकत्यांनी एकमेकींना हिसका न देता, पण घसरूनही न जाता धरावे, हे साधणे फार अवघड होते. त्यासाठी त्या काळी तेलात चक्क स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल घालीत! १९७० साली अमेरिकेने या देवमाशाचा नष्ट होऊ पाहणाऱ्या प्राण्यांच्या यादीत समावेश केला आणि रसायनशास्त्रज्ञांना दुसरे उपाय शोधावे लागले. सांगायचे ते इतकेच, की हे तेल म्हणजे कोणतेही तेल नव्हे. त्याच्या अंगी ठरावीक गुण असतात आणि ते गुण कालांतराने सरतात.

ते म्हातारे कशाने होते?

हे समजून घ्यायला दिवाळीच्या दिवसांत स्वयंपाकघरात डोकावले तरी पुरे. चकलीचे पहिले घाणे सोनेरी निघतात. तेच तेल पुन्हापुन्हा तापले की काळपट होते, फेसाळते, त्याला वास येऊ लागतो, तळाशी गाळ बसतो. कढई रोज किती मैल चालली, असे कोणी विचारत नाही. तेल किती वेळा आणि किती तापले, हेच घरातली सुगरण पाहते. गिअरबॉक्सच्या तेलालाही हाच न्याय लागू पडतो. सर्वसाधारण चालीत ते ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा, की उष्णता १० अंशांनी वाढली की तेल खराब होण्याचा वेग सुमारे दुप्पट होतो. म्हणजे वीस अंश जास्त तापणाऱ्या तेलाचे आयुष्य चौथ्या हिश्शावर येते.

आणि ते तापते केव्हा? मोकळ्या रस्त्यावर वेगात गाडी जाते तेव्हा ते दोन पंखे एका क्लचने परस्परांत अडकवले जातात. घसरण थांबते, उष्णता कमी होते. उलट सिग्नलशी थांबत, चार हात पुढे सरकत जाताना ते तेल सतत घुसळले जाते. बोरघाटाच्या चढावर सुटीच्या दिवशी होणारी कोंडी तर त्याची खरी सत्त्वपरीक्षा.

किलोमीटरचा आकडाही येथे फसवतो. समजा, एका गाडीने महामार्गावर ताशी सरासरी ६० च्या वेगाने ४०,००० किलोमीटर काटले. तिचा गिअरबॉक्स सुमारे ६६७ तास चालला. दुसरीने तेवढेच अंतर शहरात ताशी १५ च्या सरासरीने काटले. तिचे तास भरले सुमारे २,६६७, म्हणजे चौपट, आणि तेही अधिक तापलेल्या अवस्थेत. काचेमागचा आकडा दोघींचा सारखा, पण पोटातल्या तेलाचे वय मात्र फार वेगळे.

उष्णतेच्या जोडीला झीज असते. चकत्यांच्या अस्तराची बारीक पूड आणि दात्यांचा पोलादी कीस तेलात उतरतो. तळाच्या तेलपात्रात बसवलेले लोहचुंबक पोलादाचे कण धरून ठेवते; अस्तराची पूड गाळणी अडवते. चहाची गाळणी भुकटीने भरली की चहा थेंबथेंब पडतो, तसे गाळणी तुंबली की पंपाला तेल कमी मिळते, दाब घटतो, चकत्या घट्ट धरत नाहीत, त्या घसरतात, अधिक तापतात आणि अधिक झिजतात. हे चक्र एकदा सुरू झाले की ते आपोआप थांबत नाही.

‘जन्मभर’ या शब्दाचा अर्थ

भाषा शिकवणाऱ्या माणसाला शब्दांची चिकित्सा करण्याची खोड असते. ‘जन्मभराचे तेल’ म्हणताना जन्म कुणाचा, हे सांगितले पाहिजे. पुष्कळ मोटारींची हमी तीन वर्षांच्या आसपास संपते. आपल्याकडे खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतरही ती वाढवून मिळते. एकाच गाडीचे हे दोन जन्म आहेत. पहिला मालक पाच वर्षांनी गाडी विकतो तेव्हा तेलाने त्याचा ‘जन्म’ निभावलेला असतो. बिल येते ते दुसऱ्याला, ज्याने प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून, वडिलांना सोयीची म्हणून, जुनी ऑटोमॅटिक घेतलेली असते.

गिअरबॉक्स तयार करणारे याबद्दल काय म्हणतात, ते पाहण्यासारखे आहे. जर्मनीत बोडेनसी सरोवराकाठी फ्रीडरिक्सहाफेन येथे १९१५ साली स्थापन झालेली ‘झेडएफ’ ही कंपनी प्रारंभी झेपेलिनच्या विमाननौकांसाठी दाते बनवीत असे. आज तिचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स अनेक नामांकित मोटारींत बसतात. त्यांपैकी काही मोटार कंपन्या तेल जन्मभराचे मानतात. खुद्द झेडएफ मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर, किंवा फार तर आठ वर्षे, यांच्या आत तेल बदलावे असे सांगते. यंत्र बनवणारा एक सांगतो आणि यंत्र विकणारा दुसरे, तेव्हा आपण कुणाचे ऐकावे हे उघड आहे.

कंपन्यांचीही बाजू आहे. आजची तेले पूर्वीपेक्षा खरोखरच उत्तम आहेत. वारंवार उघडझाप केली की चुकीचे तेल पडण्याचा, धूळ जाण्याचा धोका असतो. वापरून टाकून दिलेले तेल कमी व्हावे, हाही हेतू वाईट नाही. तथापि पुस्तिकेतले बारीक अक्षर वाचावे. पुष्कळ पुस्तिकांत साध्या वापराचे एक आणि कठीण वापराचे दुसरे, अशी दोन वेळापत्रके असतात. होंडाच्या अमेरिकेतील अनेक पुस्तिकांत कठीण वापराची लक्षणे दिली आहेत ती अशी: ३२ अंशांवरची उष्णता, थांबत-थांबत चालणारी रहदारी, डोंगरी रस्ते, धूळ. आता पुण्याचा एप्रिल, नागपूरचा मे किंवा मुंबईचा कोणताही सोमवार आठवा. अमेरिकेत ज्याला कठीण म्हणतात, ते आपले रोजचे जिणे आहे.

मग नेमके केव्हा?

आधी आपली गाडी कोणत्या जातीची, ते विचारून घ्यावे; कारण ‘ऑटोमॅटिक’ या एका नावाखाली चार कुळे नांदतात. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेली एएमटी ही मुळात साधी गिअरबॉक्स. क्लच आणि गिअर माणसाऐवजी यंत्र हलवते, एवढेच. तिला हे लाल तेल आणि ही गाळणी नसते. तिचे गिअर ऑईल आणि यंत्रणेचे तेल पुस्तिकेप्रमाणे पाहावे.

टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीला, शहरी वापर असेल तर, ६०,००० किलोमीटर किंवा पाच वर्षे, यांतले जे आधी येईल ते, ही मर्यादा शहाणपणाची. गाडी बहुतांशी महामार्गावर चालत असेल तर ८० हजारांपर्यंत थांबायला हरकत नाही.

सीव्हीटीत गिअरच नसतात. दोन कप्प्यांवरून एक पट्टा फिरतो. हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ साली रबरी पट्ट्याची अशी छोटी मोटार लोकांपुढे आणली. आता पट्टा पोलादी असतो. पोलादावर पोलादाची पकड टिकवायची ती तेलानेच, म्हणून येथे ४० ते ६० हजारांच्या पुढे जाऊ नये. दोन क्लचांच्या जातीत क्लच तेलात बुडालेले आहेत की कोरडे, हे महत्त्वाचे. फोक्सवॅगनच्या सहा गिअरांच्या, ओल्या क्लचच्या डीएसजीला तर कंपनीनेच दर ६०,००० किलोमीटरला तेल आणि गाळणी बदलायला सांगितले आहे. या सर्वांत पुस्तिकेने कमी मुदत दिली असेल, तर अर्थातच तीच पाळावी.

गाळणी हाताला येत असेल तर ती तेलाबरोबरच बदलावी. काही गिअरबॉक्सांत ती तेलपात्राचाच भाग असते, म्हणजे पात्रासकट बदलावी लागते. काहींत ती पेटीच्या पोटात असते आणि सारे यंत्र सोडवल्याशिवाय दिसत नाही. तिथे तिच्यासाठी यंत्र उघडू नये, तेल तेवढे वेळेवर बदलावे.

आता शेजारच्या काकांच्या मेव्हण्यांविषयी. बहुतेक वेळा अशी मंडळी गिअर घसरू लागल्यावर, हिसके बसू लागल्यावर जागी होतात. तोवर अस्तर झिजून गेलेले असते. नव्या तेलाने गेलेले अस्तर परत येत नाही, आणि दोष मात्र तेलावर येतो. गाडी फार चाललेली असून तेल कधीच बदलले नसेल, तर यंत्राच्या जोराने सारे धुवून काढण्याचा आग्रह धरू नये. नट सोडून आपोआप निथळेल तेवढे काढावे आणि तेवढेच नवे भरावे. एका वेळी सारे तेल निघत नाही, बरेचसे कन्व्हर्टरमध्येच राहते. म्हणून काही आठवड्यांच्या अंतराने हे दोन-तीनदा करावे.

गॅरेजमध्ये विचारायच्या गोष्टी

तेलाचा डबा आपल्यादेखत उघडायला सांगावा आणि त्यावरची प्रत पुस्तिकेतल्या प्रतीशी ताडून पाहावी. ‘सगळ्याला चालते’ हे उत्तर स्वीकारू नये. सीव्हीटीत साधे लाल तेल घातले तर पट्ट्याची पकड जाते. तेलपात्र खाली आले की चुंबक दाखवा म्हणावे. त्यावर करड्या रंगाची मऊ पूड असणे स्वाभाविक आहे. चकाकणारे तुकडे दिसले तर काळजीचे कारण. तेलाच्या नुसत्या रंगावर जाऊ नये, आजची काही तेले लवकरच काळवंडतात. जळका वास मात्र खोटे बोलत नाही. तेल दुधाळ गुलाबी दिसले तर रेडिएटरचे पाणी आत शिरले आहे असे समजून गाडी चालवणे तत्काळ थांबवावे. पुष्कळ गाड्यांत आता तेल मोजायची पट्टी नसते. गाडी सपाट जागी, इंजिन चालू आणि तेल ठरावीक उष्णतेवर असताना पातळी बघावी लागते. ती बघितली का, हे आवर्जून विचारावे. कमी तेल जितके वाईट, तितकेच जास्तही. जास्त झाले की ते फेसाळते.

आणि शेवटी, बिल फाइलमध्ये ठेवावे, तारीख आणि किलोमीटर वहीत लिहून ठेवावे. उद्या गाडी विकायची झाली तर ती वही घेणाऱ्याच्या हाती द्यावी, आणि आपण जुनी गाडी घ्यायला गेलो तर रंग, सीट आणि म्युझिक सिस्टिम पाहण्याआधी तिची अशी वही मागावी. मालकाने “ते तेल जन्मभराचे आहे” असे सांगितले, तर गाडीचा सौदा करताना तेल आणि गाळणी बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा.