बंद मशीनचा हिशेब

पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर एका भागाची डाय (साचा) उतरवून दुसऱ्याची चढवायची, तर मशीन बंद. १९६९मध्ये टोयोटात १००० टनी प्रेसला यासाठी चार तास लागत. एवढा खोळंबा नको म्हणून कारखाने एकच भाग ढिगाने काढून ठेवतात. मग गोदाम भरते, भांडवल अडकते आणि डायमध्ये खोट निघाली तर अख्खा ढीग भंगारात.

जपानी औद्योगिक अभियंते शिगेओ शिंगो यांना या खोळंब्याचे मूळ १९५०मध्येच हिरोशिमात, माझदाच्या कारखान्यात दिसले होते. डाय बदलताना एक बोल्ट सापडेना. कामगार तासाभराहून अधिक काळ फिरला आणि शेवटी दुसऱ्या मशीनचा लांब बोल्ट कापून घेऊन आला! शिंगोंनी कामाचे दोन भाग पाडले: मशीन थांबल्यावरच करता येणारे आणि ते चालू असताना उरकता येणारे. पुढची डाय, बोल्ट, पाने आधीच हाताशी. टोयोटात चार तासांचे दीड तास झाले, पुढे तर तीन मिनिटे.

नव्या मशीनसाठी कर्ज काढू पाहणाऱ्या लघुउद्योजकांनी आधी जुने मशीन रोज किती वेळ बंद असते, ते घड्याळ लावून मोजावे.