एकाच वायूच्या अंगावर दोन कामं

विश्वाचा जमाखर्च मांडला तर तारे, ग्रह, धूळ, तुम्ही-आम्ही मिळून जेमतेम ५ टक्के. सुमारे २७ टक्के कृष्णद्रव्य, जे दीर्घिकांना बांधून ठेवतं. उरलेली ६८ टक्के कृष्णऊर्जा, जिच्यामुळे विश्वाचं प्रसरण वेग घेतंय. दोन्ही कशाची बनली आहेत, कुणालाच ठाऊक नाही. मग शंका येतेच : ही एकाच इसमाची दोन नावं तर नव्हेत?

२००१ मध्ये कामेन्शिक, मोशेल्ला आणि पास्किए या भौतिकशास्त्रज्ञांनी त्यासाठी एक जुनं समीकरण उकरून काढलं. रशियाच्या सर्गेई चाप्लिगिननं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वायूच्या झोतांचा अभ्यास करताना वापरलं होतं. विश्वाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

या समीकरणातल्या वायूची खोड विचित्र. सायकलच्या पंपात कोंडलेली हवा दट्ट्याला बाहेर रेटते. हा वायू त्याला आत ओढेल. त्याचा दाब ऋण, म्हणजे ताणच. शिवाय घनता निम्मी झाली की ताण दुप्पट! आइनस्टाइनच्या समीकरणांत असा ताण पुरेसा वाढला की उलट प्रसरणाला जोरच मिळतो. विश्व दाट होतं तेव्हा ताण नगण्य, म्हणून वायू निमूट धुळीसारखा गोळा होणार. विश्व विरळ झालं की तोच कृष्णऊर्जा होणार.

पुण्यातही हा विचार झाला. आयुका या संशोधन संस्थेतल्या थाणू पद्मनाभन आणि तीर्थंकर रॉय चौधरी यांनी २००२ मध्ये वेगळ्या वाटेनं, एकच अदिश क्षेत्र (अवकाशाच्या प्रत्येक बिंदूला नुसता एक आकडा देणारं) लहान अंतरांवर गोळा होईल आणि मोठ्या अंतरांवर सपाट पसरेल का, हे तपासलं.

चाप्लिगिनच्या वायूत माशी शिंकली ती ध्वनीच्या वेगापाशी. तो विरळ होतो तसा त्यातल्या ध्वनीचा वेग वाढत जातो. द्रव्य कुठे जमू लागलं की दाबाच्या लाटा ते विस्कटणार. सँडविक, टेगमार्क, झाल्डारियागा आणि वागा यांनी २००४ मध्ये याच वायूच्या सुधारित आवृत्तीची दीर्घिकांच्या प्रत्यक्ष मांडणीशी गाठ घालून दिली. गणितात भयंकर हेलकावे. आकाशात त्यांचा मागमूस नाही. निबंधाच्या शीर्षकातच ‘अंत’ होता, पुढे सभ्य प्रश्नचिन्ह.

त्या आवृत्तीत ‘अल्फा’ हा आकडा ताणाचं घनतेशी नातं ठरवतो. चाप्लिगिनचा मूळ अल्फा १. तपासणीनंतर तो शून्यापासून एक लाखांशाच्या आत असेल तरच निभाव लागणार होता. आणि अल्फा शून्य म्हणजे घनता कितीही बदलो, ताण तोच. सूत्र सोडवलं की त्यातून पुन्हा दोन वेगळ्या रकमा निघतात : एक कृष्णद्रव्याची, एक कृष्णऊर्जेची.